हवापालटाचा अर्ज

आमच्या घरात इंग्रजी शिरलं ते रिबकामावशींच्या शनिवारच्या चहामुळे. असं एकदम सांगितलं तर कुणाला पटायचं नाही, म्हणून जरा मागे जाऊन सांगते. पेणला रामवाडीच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि भिंतीला भिंत लागून रिबकामावशींचं. मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. त्यांचे भाऊ, पुतणे एकेक करून इस्रायलला गेले होते आणि मावशी एकट्या मागे राहिल्या होत्या. उभी हयात त्यांनी दवाखान्यात नर्सचं काम केलं, त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांतलं इंग्रजी त्यांना तोंडपाठ. बोलणं मात्र आमच्यासारखंच, नाय आणि हायचं. शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी मावळेपर्यंत त्या विस्तव पेटवायच्या नाहीत आणि हातात पेन धरायच्या नाहीत. मग शनिवारी सकाळी मी जाऊन त्यांचा स्टोव्ह पेटवायची, चहा ठेवायची. त्याच्या बदल्यात रविवारी त्या मला इंग्रजी शिकवायच्या. माझी शाळा सातवीनंतर सुटली होती. सुटली म्हणजे पापडांनी सोडवली. आईबरोबर लाटायला कुणीतरी हवं होतं, आणि ताईचं लग्न ठरलेलं.

आमच्या घराचा आवाज म्हणजे लाटण्यांचा. दुपारची जेवणं झाली की आई, मी आणि आळीतल्या दोघी-तिघी पोळपाट घेऊन बसायच्या आणि ती खटखट चार वाजेपर्यंत चालायची. बाबा पोह्यांच्या भट्टीवर. भिजवलेलं भात तापलेल्या वाळूत भाजायचं, मग ते यंत्राखाली जायचं. संध्याकाळी बाबा घरी आले की त्यांच्या अंगाला भाजल्या भाताचा वास यायचा, आणि पंच्यात बांधून आणलेले गरम पोहे आई तसेच खोबरं-गूळ घालून आमच्या पुढ्यात ठेवायची. अजूनही कुठे भात भाजलं की मला वाटतं, बाबा दारात चपला काढतायत. आईला पुस्तकातलं काही येत नव्हतं, पण हवा कळायची. खाटेवर पापड घातले की ती अंगणात उभी राहून मान वर करून बघायची आणि म्हणायची, "आज वारा पडलाय, पापड चिवट होणार." आणि व्हायचे. आता माझी नात मोबाइलवर बघून सांगते की आजी, आजची हवा एवढ्या नंबराची आहे. मी म्हणते, बाई, तुझ्या पणजीला नंबर लागत नव्हता.

कुसुमताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला रोह्याला दिली. घर चांगलं होतं, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना नावं ठेवील. भावोजी कंपनीत शिफ्टला जायचे, सासरे तात्या त्याच कंपनीच्या टाइम ऑफिसात कारकून. कोण कधी आलं, कोण रजेवर गेलं, ते सगळं तात्यांच्या वहीत. सासूबाई तोंडाच्या जरा फटकळ, पण ताटात वाढताना हात आखडता नाही. नदीच्या बाजूला त्यांचं घर, आणि संध्याकाळ झाली की कंपन्यांचा एक उग्र वास गावात उतरायचा, घशाला धरायचा. तिथल्या लोकांना त्याची सवय होती. सहा वाजले की घराघरांतून खिडक्या लावल्याचे आवाज यायचे, जसे आपल्याकडे दिवे लागतात तसे.

लग्नानंतर दोन-चार महिन्यांतच ताईला खोकला लागला. दिवाळसणाला आली तेव्हा गळ्याची हाडं वर आलेली. एक वाक्य बोलायची आणि थांबायची. पहिले दोन दिवस खोकली, तिसऱ्या दिवशी खोकला कमी झाला, चौथ्या दिवशी तिनं माझ्याबरोबर चार पापड लाटले आणि हसली, आणि त्याच दुपारी भावोजी तिला घेऊन गेले. आई दारात उभी राहून बस गेली त्या दिशेला बघत होती. म्हणाली, "हितं खोकला कमी झाला. बघितलंस ना गो मंदे, चार दिवसांत." मग महिन्याभरात रोह्याहून येणाऱ्या-जाणाऱ्याकडून कळायला लागलं की ताई रात्रीची बसून काढते. तिथल्या डॉक्टरानं बाटली दिली, वर म्हणाला, थोडी हवापालट करा. पण सांगणार कोण आणि नेणार कोण? आमच्यात लेक आणायची ती सणाला, नाहीतर बाळंतपणाला. दिवाळी आत्ताच झालेली. मध्येच तिला धाडा म्हणणं म्हणजे तुमच्या घरात आमची पोर सुकते असं तोंडावर सांगणं. आणि त्याचे चटके बसणार ताईलाच. आई रोज एकदा म्हणायची जाऊन आणू या, आणि बाबा रोज म्हणायचे, "काय म्हणून आणायची, त्ये तरी सांग."

ते "काय म्हणून" मला रिबकामावशींनी दिलं. शुक्रवारची दुपार होती. मावशी उद्याचं जेवण आजच करून ठेवत होत्या आणि मी त्यांचा नारळ खवत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, "तात्यांना पत्र लिव्ह. इंग्रजीत."

"इंग्रजीत कशाला मावशी?"

"मराठीत लिव्हलंस तर सासू पहिली वाचणार, नि एकेका शब्दाचा कीस काढणार. इंग्रजी वाचणारे एकटे तात्या. घरात काय सांगायचं त्ये त्यांचं ते ठरवतील. आणि त्यात लिव्ह, चेंज ऑफ एअर. डॉक्टरांनी चेंज ऑफ एअर सांगितलंय म्हणून पेणला पाठवा."

मी ते शब्द दोनदा म्हणून पाहिले. मला ते फार मोठे वाटले, साहेबाच्या घरातले.

"ह्याच्यात कुणाला बोल लागत नाय," मावशी म्हणाल्या. "घर चांगलं, जेवण चांगलं, सासू चांगली. फक्त हवा बदलायची. हवा काय त्यांच्या मालकीची हाय?"

मी लगेच वहीच्या पानावर लिहायला घेतलं. पहिल्याच ओळीत लिहिलं की रोह्याची हवा खराब आहे. मावशींनी ती ओळ खोडली. "कुठली हवा खराब त्ये कधी लिव्हायचं नाय गो. कुठल्या हवेत जाणार, तेवढंच. म्हणजे वाचणारा चिडत नाय." मी पुन्हा लिहिलं. त्या म्हणाल्या, "आता बरं हाय. अजून एक गोष्ट ऱ्हायली, ती महत्त्वाची." एवढं बोलून त्यांनी दाराबाहेर पाहिलं. उन्हं आंब्याच्या शेंड्याला गेली होती. "अगोबाई, दिवे लावायची वेळ झाली. बाकीचं परवा." आणि त्या उठल्या. त्यांचा शब्बाथ लागला की मग काही नाही.

परवापर्यंत थांबायला काय हरकत होती? आज विचारते स्वतःला. पण शनिवारी सकाळी खांब गावचा दामूकाका पोह्याची पोती भरायला भट्टीवर आला. तो टेम्पोनं आधी रोह्याच्या बाजारात पोती उतरवायचा आणि मग खांबला घरी जायचा. पुढची खेप आठ दिवसांनी. मी पत्र साफ कागदावर उतरवलं. शेवट मोकळा वाटत होता म्हणून माझ्या मनानं एक ओळ घातली, ती बरी होईपर्यंत तिला इथे राहू द्यावं. मला ती ओळ फार गोड वाटली. वीसेक वेळा वाचली असेल. पाकीट दामूकाकाच्या हातात दिलं, मावशींचा स्टोव्ह पेटवला, चहा दिला, आणि पत्राचं अवाक्षर काढलं नाही. रविवारी त्यांना चकित करायचं होतं ना. रविवारी सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "शेवटी काय लिव्हलंस?" मी सांगितलं. त्यांनी वही मिटली, आणि त्या दिवशी शिकवणी झाली नाही.

आठ दिवसांनी दामूकाका दारात आला तो पाकीट पुढे धरूनच. "तुझ्या तायच्या सासऱ्यानं परत दिलंय. त्यांचं तोंड बघून मी चहाला पण थांबलो नाय." आत माझंच पत्र होतं. "बरी होईपर्यंत" या माझ्या गोड ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ, आणि बाजूला मराठीत, ऑफिसच्या वळणदार अक्षरात दोनच शब्द. "परत कधी?"

मी ते वाचून दाखवलं तशी आई पोळपाटावरून उठली. "म्हंजे? माझी लेक त्यांच्या कंपनीत कामाला हाय? रजेचा अर्ज करायचा तिनं?"

"अगो, त्येवढंच नाय," दामूकाका खाली बघत म्हणाला. "तुमच्या विहीणबाई ओट्यावर बोलत होत्या. म्हणे, माहेरच्यांनी लेक कायमची न्यायचं ठरवलंय, तारीख पण घालत नायत. पोरगी आत रडत होती. खोकत होती नि रडत होती."

बाबा उठले. पंचा खांद्यावर टाकून बाहेर पायरीवर जाऊन बसले. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला तेव्हा कळलं मी काय केलं होतं. तारखेशिवाय माहेरी गेलेली लेक म्हणजे आळीच्या भाषेत टाकलेली. पहिल्याच वर्षी. ज्या ताईचा श्वास सोडवायला मी निघाले होते, तिच्याच गळ्याभोवती मी दोरी टाकली होती, आणि ती सुद्धा इंग्रजीत.

मी मावशींकडे गेले आणि कागद त्यांच्या मांडीवर टाकला. त्यांनी चष्मा लावला, लाल रेघ पाहिली. रागावल्या नाहीत. "शनिवारी मी पेन धरत नाय," म्हणाल्या, "तोंड तर चालू असतं ना गो. विचारायचं." मग मला पाणी दिलं आणि सांगितलं, "आमचे मोठे डॉक्टर उन्हाळ्यात माथेरानला जायचे तेव्हा अर्ज करायचे. चेंज ऑफ एअर. आणि खाली तारीख, अमक्या दिवशी कामावर हजर. ह्ये शब्द परत येणाऱ्याचे असतात. परतीचा दिवस घातला नाय तर त्ये हवापालट नाय, त्ये निघून जाणं."

इथे एक सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. पुढे कितीतरी वर्षांनी मावशी स्वतः निघाल्या, पुतण्याकडे, डोळे गेले म्हणून. आळीतल्या बायका पोहे, खोबरं, गूळ घेऊन आल्या, मावशींनी सगळ्यांसाठी शेवटचा मलिदा केला, त्यांच्यात शुभकार्याला करतात तो. कुणीतरी म्हणालं, जाऊन या मावशी, जरा हवापालट होईल. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं आणि म्हणाल्या, "ह्या मंदीला विचारा, त्ये मला लागू नाय." आम्ही दोघीच हसलो. मग मी आत जाऊन त्यांच्या स्टोव्हजवळ बराच वेळ उभी राहिले.

तर दुसरा अर्ज मावशींच्या समोर बसून लिहिला. तीन आठवडे मागितले आणि परतीची तारीख घातली, वीस. मावशी म्हणाल्या, मागचा कागद सोबत जोड, ऑफिसात तसंच असतं. टाचणी त्यांनीच दिली. आणि पोस्टानं नाही, दामूकाकानं नाही, बाबा आणि मी स्वतः एसटीनं रोह्याला गेलो. नागोठण्यापासून मी कागदावरची टाचणी सारखी चाचपत होते.

तात्या ओट्यावर आरामखुर्चीत होते. बाबा त्यांच्यासमोर उभेच राहिले, बसा म्हटल्यावरही. सासूबाई दाराच्या चौकटीत. "आलात न्यायला?" त्या म्हणाल्या. "आम्ही जल्मभर ह्याच हवेत ऱ्हायलो. आम्हाला नाय कुणी हवा बदलायला नेलं." आणि एवढं बोलून त्यांनाच ढास लागली. ताई आतून पाणी घेऊन आली. माझ्याकडे बघितलं पण नाही. सासूबाईंना पाणी दिलं, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मग तिलाही खोकला आला. दोघी एकीमागून एक खोकत होत्या. तात्यांचा हात सवयीनं खुर्चीमागच्या खिडकीकडे गेला, त्यांनी ती लावून घेतली. सहा वाजले होते.

मी कागद पुढे केला. तात्यांनी आधी मागचा कागद वर करून पाहिला, त्यांचीच लाल रेघ, मग नवा. सावकाश वाचला. "कुणी लिहिलं?"

"मी."

"शाळेत कितवीला?"

"सातवी. मग नाय गेले."

त्यांनी पुन्हा वाचला. "चाळीसेक साहेबांचे अर्ज मी बघितले असतील ह्याच शब्दांचे," ते म्हणाले, माझ्याशी की स्वतःशी ते कळलं नाही. "कामगाराचा एक नाही. कामगार लिहितो, ताप आला." मग सासूबाईंकडे न बघता म्हणाले, "डॉक्टरांनीच सांगितलंय. तारीख आहे. तीन आठवडे. सूनबाई, भरा पिशवी." सासूबाई पाठ फिरवून आत गेल्या. पण निघताना पिशवी जड लागली म्हणून मी उघडून पाहिलं, तर वर कडव्या वालांची पुरचुंडी होती आणि बरणीत लिंबाचं लोणचं, ताईच्या आवडीचं.

घरी आल्यावर पहिला आठवडा ताई माझ्याशी धड बोलली नाही. "तुला कुणी सांगितलं होतं गो लिव्हायला?" एवढंच एकदा म्हणाली. मी म्हटलं, "कुणी नाय." मग ती खाटेवर पडून पापडांवरून येणारा वारा घेत राहायची. दुसऱ्या आठवड्यात उठून आईच्या पोळपाटाशी बसली. बाबांनी भट्टीवरच्या मंडळींना सांगून शेतात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, आणि मडकं उलटं करून वर जाळ. त्या धुराला ताई खोकेल म्हणून आई तिला लांब बसवत होती. ताई नाही खोकली. शेंगा सोलून खात राहिली, बोटं काळी करून. तिसऱ्या आठवड्यात तिचा आवाज आला. लग्नाआधीचा, आळीच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा.

आणि वीस तारीख आली. मीच घातलेली. आदल्या दिवसापासून ताई पुन्हा हळू बोलायला लागली. आईनं पिशवी भरली आणि परत रिकामी केली आणि परत भरली. मला वाटत होतं ती तारीख कुणीतरी कॅलेंडरवरून फाडावी. अर्ज बरोबर लिहिला होता, एक अक्षर चुकलं नव्हतं, आणि त्याचंच फळ म्हणून आज ताई त्या वासात परत जाणार होती. बरोबर लिहिण्यानं एवढं वाईट वाटतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

भावोजींची शिफ्ट होती, म्हणून तात्या स्वतः आले. मी पाणी भरत होते, मला ते वळणावरच दिसले. दारापाशी आले आणि थांबले. आतून ताई मागच्या अंगणातल्या शेजारणीला ओरडून सांगत होती, "अगो, तुझी कोंबडी आमच्या पापडांवर नाचतेय, तिला पण लाटायला बसव." आणि हसली, एका दमात, न थांबता. तात्या तसेच उभे राहिले. मला म्हणाले, "कोण बोललं?"

"ताय."

"आमची सूनबाई?"

मी मान हलवली. मग कळलं, त्यांनी हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. त्यांच्या घरी नव्या सुनेची भीड मोडून तो पोचायच्या आधीच खोकला पोचला होता.

ते आत आले, बसले. आईनं चहा ठेवला. ताई पदर सारखा करून, पिशवी घेऊन समोर उभी राहिली. तात्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि कोटाच्या खिशातून एक घडीचा कागद काढला. पहिला, तारीख नसलेला. त्याच्यावरची माझी गोड ओळ, खाली त्यांची लाल रेघ, बाजूला "परत कधी?" त्यांनी खिशातून तीच पेन्सिल काढली, "परत कधी?" वर आडवी काट मारली आणि खाली लिहिलं, "मंजूर. तारीख सूनबाईंनी घालावी." खाली सही केली, ऑफिसात करायचे तशी. कागद ताईच्या हातात दिला आणि बाबांना म्हणाले, "व्याही, परतीची एसटी किती वाजता?"

"पण विहीणबाईंना काय सांगाल?" आईनं विचारलं.

"सांगेन, हुकूम डॉक्टरांचा." मग उंबऱ्यावर थांबून म्हणाले, "तिनंच लोणचं दिलं होतं ना. तिला ठाऊक आहे."

ताई शिमग्यापर्यंत राहिली. आळी काय बोलायची ती बोलली, पण आई तो कागद शहाण्यासारखी उशाशी ठेवून होती. विचारलं कुणी की दाखवायची, वाचता येत नसलं तरी लाल सही दाखवायची. होळीचा दुसरा दिवस. मी अंगणात पापड घालत होते. ताई बाहेर आली, वाऱ्याकडे मान वर करून बघितलं, अगदी आईसारखं. म्हणाली, "मंदे, पेन्सिल दे गो तुझी." मी दिली. तिनं तो कागद खाटेच्या लाकडावर ठेवला, गुडघ्यावर बसली, आणि सहीखालच्या मोकळ्या जागेत मराठी आकड्यांत, गिरवून गिरवून, स्वतःच्या हातानं तारीख घातली.